शेतजमिनीचें रक्षण आणि कायदा
खाणीचा गाळ पावसाच्या पाण्याबरोबर भातखाचरांत उतरला, म्हणजे सुपीक जमीन नापीक होण्यास वेळ लागत नाहीं. गोमंतकांतील अनेक शेतकऱ्यांस हा अनुभव आला. एकट्या शेतकऱ्यानें धनाढ्य खाणवाल्यांशीं कोर्टांत झुंजणें दुरापास्त. तें काम १९८६ मध्यें स्थापन झालेल्या ‘गोवा फाउंडेशन’ ह्या लोकहितवादी संस्थेनें पत्करिलें. तिच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २१ एप्रिल २०१४ रोजीं निकाल देऊन, २२ नोव्हेंबर २००७ नंतरचें तेथील खाणकाम बेकायदेशीर ठरविलें.

तथापि पुराव्यावांचून कोणतीहि संस्था लढूं शकत नाहीं. आपल्या गांवीं असें संकट आल्यास तत्काळ पंचनामा करवावा. सातबारा व तारीखवार छायाचित्रें जपावीं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज, कारण प्रथम घडल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो. विलंबानें हक्क बुडतो, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.