आडात नसलेले पोहऱ्यात येते काय? ब्लूटूथ हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायरविषयीचे गैरसमज

अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७मधून हेडफोन खोचण्याचे ३.५ मिलिमीटरचे छिद्र काढून टाकले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला, तेव्हापासून तारेचे चांगले हेडफोन बाळगणाऱ्यांची अडचण झाली. त्या अडचणीवरचा उपाय म्हणून काडेपेटीएवढी, खिशाला अडकवता येणारी एक डबी बाजारात आली, जी फोनकडून ब्लूटूथने गाणे घेते आणि स्वतःच्या छिद्रात खोचलेल्या हेडफोनला पुरवते. फिओ, क्यूडेलिक्स, आयफाय, शानलिंग अशा कंपन्यांच्या या डब्यांना ‘पोर्टेबल ब्लूटूथ हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायर’ असे लांबलचक नाव आहे. वस्तू उपयुक्त आहे यात वाद नाही, मात्र तिच्याकडून जे अपेक्षिले जाते त्यातले बरेचसे ती देऊ शकत नाही.

हे गैरसमज शहरापेक्षा गावात अधिक महाग पडतात. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी मंडळासारख्या, पैनगंगेच्या दक्षिणेकडील आणि मराठी, तेलुगू, गोंडी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या भागात चार हेडफोन कानाला लावून पाहावेत आणि मग एक निवडावा, अशी सोय नसते. तशी दुकाने हैदराबाद किंवा नागपूरसारख्या शहरांत असतात. त्यामुळे खरेदी होते ती मोबाइलच्या पडद्यावर, छायाचित्र, ग्राहकांनी दिलेले तारे आणि खोक्यावर छापलेले आकडे यांच्या भरवशावर, आणि त्या आकड्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगणारे क्वचितच कोणी भेटते.

मुख्य गैरसमज: अ‍ॅम्प्लिफायर लावला की आवाज सुधारतो

सर्वाधिक ऐकू येणारे, आणि कितीही वेळा खोडले तरी पुन्हा डोके वर काढणारे विधान हे आहे की फोनला अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर आवाज ‘सुधारतो’, आणि अ‍ॅम्प्लिफायर जितक्या अधिक मिलिवॉटचा तितकी सुधारणा अधिक होते. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे विवर्धक. आलेला विद्युत संकेत त्याच आकारात मोठा करून देणे एवढेच त्याचे काम आहे, आणि त्या संकेतात स्वतःची काही भर न घालणे हीच त्याच्या उत्तमपणाची कसोटी आहे. गाण्यात जे मुळात मुद्रित झालेले नाही ते विवर्धनाने उत्पन्न होत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? १९२५च्या आधी कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रिकांत, म्हणजे बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या मुद्रिकांतही, साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज उतरत असे, आणि जगातला कोणताही अ‍ॅम्प्लिफायर त्या पट्ट्याबाहेरचा सूर परत आणू शकत नाही.

किती शक्ती लागते हे मानण्या-न मानण्यावर अवलंबून नाही, ते साध्या गणिताने निघते. त्यासाठी हेडफोनच्या माहितीपत्रकातले दोन आकडे पुरतात. पहिला संवेदनशीलता, म्हणजे १ मिलिवॉट शक्ती दिली असता हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो तो आकडा. दुसरा अवरोध, म्हणजे हेडफोनची गुंडाळी विद्युतप्रवाहाला करत असलेला विरोध, जो ओहममध्ये मोजतात. सर्वसाधारण हेडफोन ३२ ओहमचा आणि १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा धरला, तर सहन होणार नाही इतका, म्हणजे ११० डेसिबलचा आवाज काढायला त्याला फक्त १० मिलिवॉट लागतात. फोनच्या सी-पोर्टला लावायचे बोटाएवढे साधे डोंगल सुमारे १ व्होल्ट देते, म्हणजे या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट, आणि त्यातून जवळपास ११५ डेसिबल आवाज निघतो. अशा हेडफोनच्या मालकाने २०० मिलिवॉटची डबी घेणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी विहिरीवर मोटर बसवणे होय.

मिलिवॉट दुप्पट झाले की आवाजही दुप्पट होतो, हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. डेसिबलचे मोजमाप लघुगणकीय असल्यामुळे शक्ती दुप्पट केल्यावर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, जो फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतो एवढेच. कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटायचा तर सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. १०० मिलिवॉटच्या डबीऐवजी २०० मिलिवॉटची डबी घेण्यासाठी जे पैसे मोजले जातात ते या ३ डेसिबलसाठी असतात, आणि तेही आवाजाचा काटा शेवटापर्यंत नेला तरच मिळतात.

तरीही हजारो लोक सांगतात की डबी लावल्यावर गाणे ‘उघडले’. ते खोटे बोलत नाहीत, त्यांचा कान फसतो, आणि तो का फसतो हे १९३३पासून ठाऊक आहे. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवून दिले की मानवी कान सर्व सुरांना सारखी दाद देत नाही. आवाज लहान असताना त्याला खर्जाचे सूर विशेष कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते मधल्या सुरांच्या तुलनेने पुढे येतात. त्यामुळे तेच गाणे थोडे मोठे वाजवले की डग्ग्याची घुमार भरीव वाटते, पखवाजाला वजन येते आणि ऐकणारा श्रेय नव्या डबीला देऊन मोकळा होतो. दोन उपकरणांतला एखाद्या डेसिबलचा फरकही ‘मोठा’ म्हणून ओळखला जात नाही, तो ‘चांगला’ म्हणून ओळखला जातो. म्हणून तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करावा आणि कोणते उपकरण वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. या दोन अटी न पाळता लिहिलेल्या स्तुतीला पुराव्याची किंमत नाही.

याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायरची गरज कोणालाच नसते असा नव्हे. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० या हेडफोनची ६०० ओहमची आवृत्ती १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देते. तिच्याकडून ११० डेसिबल काढायला २५ मिलिवॉट, आणि त्यासाठी जवळपास ३.९ व्होल्ट लागतात, तर १ व्होल्टच्या डोंगलवर ती ९८ डेसिबलच्या आसपास थांबते. हायफायमॅनचा एचई-६ हा हेडफोन अवघी ८३.५ डेसिबल संवेदनशीलता घेऊन येतो आणि तेवढ्याच आवाजासाठी सुमारे ४५० मिलिवॉट मागतो, जे खिशातल्या बहुतेक डब्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. यातून हेही दिसते की खोक्यावर ‘३२ ओहमला इतके मिलिवॉट’ असे छापलेले असले तरी जास्त ओहमच्या हेडफोनसाठी तो आकडा निरुपयोगी असतो आणि तिथे डबी किती व्होल्ट देते हे पाहावे लागते.

मिलिवॉटच्या गदारोळात ज्याकडे कोणी पाहत नाही तो आकडा म्हणजे डबीचा स्वतःचा, म्हणजे निर्गम अवरोध. कानात घालायच्या काही इअरफोनमध्ये अनेक छोटे ध्वनिजनक असतात आणि त्यांचा अवरोध सुरानुसार बदलतो. समजा तो एका सुराला ८ आणि दुसऱ्याला ३२ ओहम आहे. डबीचा निर्गम अवरोध १० ओहम असेल तर या दोन सुरांतले प्रमाण सुमारे ४.७ डेसिबलने बिघडते, आणि १ ओहम असेल तर एका डेसिबलपेक्षाही कमी. हेडफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशाहून डबीचा अवरोध कमी असावा हा या क्षेत्रातला रूढ नियम त्यासाठीच आहे.

दुसरा गैरसमज: खोक्यावर ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’ आहे, म्हणजे ब्लूटूथवर तसेच ऐकू येते

हा आकडा खोटा नसतो, फक्त तो वेगळ्याच वाटेचा असतो. ब्लूटूथवर फोनमधला डॅक, म्हणजे अंकांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग, कामातच येत नाही. फोन गाणे दाबून लहान करतो, बिनतारी पाठवतो, आणि ते उलगडून अंकांचा विद्युत संकेत बनवण्याचे काम डबी स्वतःच्या डॅकने करते. दाबण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात आणि तो दोन्ही टोकांना सारखाच असावा लागतो. साध्या सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, तर २४ बिट ९६ किलोहर्ट्झचा ४,६०८ किलोबिटचा असतो. त्याउलट सर्व उपकरणांना सक्तीचा असलेला एसबीसी कोडेक उत्तम प्रतीत सुमारे ३२८ किलोबिट, अ‍ॅप्टेक्स एचडी ५७६, आणि सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा जास्तीत जास्त ९९० किलोबिट पाठवतो. म्हणजे सर्वांत मोठा एलडॅकही साध्या सीडीएवढा प्रवाह न दाबता नेऊ शकत नाही. खोक्यावरचे ३८४ किलोहर्ट्झ लागू होतात ते डबी यूएसबीच्या तारेने फोनला जोडली तरच.

त्यातही डबीला एलडॅक येतो एवढ्याने भागत नाही. अँड्रॉइडमध्ये तो २०१७च्या ८.० आवृत्तीपासून आला, पण आयफोनला एसबीसी आणि एएसी हे दोनच येतात, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे देणे म्हणजे ज्या गावी बस जात नाही तिथले तिकीट काढणे होय.

एवढा प्रवाह कानाला खरोखर हवा असतो का, याविषयी मतभेद आहेत, म्हणून पुरावा सांगणे आवश्यक आहे. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली अमेरिकेतील ध्वनिअभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उच्च दर्जाचे मुद्रण आणि तेच १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झमधून नेलेले मुद्रण यांतला फरक ऐकणाऱ्यांना ५५४ चाचण्यांत ओळखता आला नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ साली अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अचूक ओळखीचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. नाणे उडवून ५० टक्के मिळतात. फरक असेलच तर तो एवढाच आहे, आणि एफएमवर आदिलाबाद आकाशवाणी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तर १५ किलोहर्ट्झपुढचा सूर पोहोचतच नाही.

किरकोळ गैरसमज

‘ब्लूटूथ ५.३ चा आवाज ५.० पेक्षा चांगला’: नेहमीचे संगीत अजूनही ब्लूटूथच्या जुन्या, अभिजात मार्गानेच जाते, त्यामुळे नुसत्या आवृत्तीच्या आकड्याने त्यात फरक पडत नाही, नवा मार्ग आणि त्याचा एलसी३ कोडेक हवा असेल तर फोन आणि डबी या दोघांनाही तो यावा लागतो.

‘बॅलन्स्ड छिद्रामुळे आवाज अधिक शुद्ध येतो’: मीटरभर तारेत त्याने गोंगाट कमी होत नाही, मिळतो तो दुप्पट व्होल्टेज, जो ६०० ओहमवाल्याला उपयोगी आणि इतरांना अनावश्यक आहे.

‘फोनवरचे बोलणेही स्वच्छ होते’: बोलताना ब्लूटूथ वेगळ्या, एकाच वाहिनीच्या (मोनो) आणि अरुंद मार्गावर जाते, त्यामुळे डबी कितीही महाग असली तरी आवाज तिथे आखडतोच.

‘शंभर तास वाजवल्यावर अ‍ॅम्प्लिफायर खुलतो’: शंभर तासांत अ‍ॅम्प्लिफायर बदलत नाही, ऐकणाऱ्याला सवय होते.

‘डबी खिशात ठेवल्याने किरणोत्सर्ग होतो’: अशा उपकरणांचे प्रक्षेपण साधारणपणे काही मिलिवॉटचे आणि आयनीकरण न करणारे असते, ज्या मोबाइलशी ती बोलते त्याचे प्रक्षेपण त्याहून कितीतरी जास्त असते.

निवड करताना

या सर्वांवरून निवडीचा क्रम सरळ ठरतो. आधी हेडफोनचे ओहम आणि संवेदनशीलता पाहून किती व्होल्ट लागतात ते काढावे. मग आपल्या फोनला कोणते कोडेक येतात ते तपासावे. त्यानंतर डबीचा निर्गम अवरोध, यूएसबीवर चालण्याची सोय आणि बॅटरी पाहावी. आदिलाबादच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, म्हणून डबी उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. आवाजाचा पोत आपल्या मनाप्रमाणे बदलणारी एकच गोष्ट यांतल्या काही डब्यांत असते, ती म्हणजे निवडलेल्या सुरपट्ट्या कमी-जास्त करणारा पॅरामेट्रिक ईक्यू, आणि क्यूडेलिक्सच्या ५के सारख्या डबीचे मोल मिलिवॉटपेक्षा त्यात अधिक आहे. कमी शक्तीवर चालणारा हेडफोन आणि साधा फोन असेल तर बोटाएवढे डोंगल पुरे असून उरलेले पैसे अधिक चांगल्या हेडफोनला लावावेत, कारण आवाजातला सर्वांत मोठा फरक हेडफोनच करतो.

मिलिवॉट मोजणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ९२ डेसिबलला ती आठवड्याला केवळ अडीच तास उरते.