फोटो धुवायचे दिवस

पूर्वी आपण रोल ‘धुवायला’ टाकायचो. आता फोटो क्षणात दिसतो, तसा तो शब्दही मागे पडला. पण फोटो खरोखरच पाण्यातून वर यायचा, हे मी माझ्या मामूंच्या अंधाऱ्या खोलीत पाहिलं आहे. मामूंचा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर चालायचा. पावसाळ्यात मात्र एखाद्या मोकळ्या दिवशी ते जुना लाकडी कॅमेरा घेऊन लोणावळ्याजवळच्या भुशीला जात. तिपाई उचलायला मी.

या कॅमेऱ्याला पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता. डोक्यावर काळं कापड घेतलं की काचेवर समोरचा देखावा दिसतो, पण उलटा. आभाळ खाली, पाणी वर. चित्र स्पष्ट झालं की भिंग बंद करायचं आणि फिल्मची चौकट आत सरकवायची. फिल्म चार बाय पाच इंचांची, म्हणजे नेहमीच्या रोलवरच्या एका फोटोच्या सुमारे पंधरापट. म्हणूनच फोटो कितीही मोठा केला तरी दगडावरचं शेवाळ वेगळं दिसतं. पण एका चौकटीत फिल्म दोनच. चुकली की गेली.

या डोंगरांना असे कॅमेरे नवे नाहीत. भोर घाटातल्या रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये पुरं झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. त्या बांधकामाचे काही फोटो तिनेच काढले, असं मानतात. तेव्हा फिल्म नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या 1851 च्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि थर वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा. म्हणजे अंधारी खोलीच तंबूतून डोंगरावर न्यायची. भुशीचं धरणही रेल्वेचंच, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं.

मामू रात्री मिट्ट काळोखात फिल्म धूत. आधी डेव्हलपर, त्यात उजेड लागलेल्या कणांची काळी चांदी होते. मग ती क्रिया थांबवायला आंबट पाणी. मग हायपो, तो उरलेला क्षार विरघळवतो. त्याचा हा गुण जॉन हर्शेलने 1819 मध्येच नोंदवला होता. शेवटी वाहत्या पाण्यात धुणं, कारण हायपो राहिला तर फोटो पुढे पिवळा पडतो. कागदावर छापताना तांबडा दिवा चालतो, तेव्हा मला आत प्रवेश मिळे. कोऱ्या कागदावर आधी दगड उमटत, मग झाडं. आभाळ फिकं येत असेल तर मामू बाकी चित्रावर तळहाताची सावली धरून आभाळाला जास्त उजेड देत.

एकदा त्यांनी भिंगापुढे गडद काच लावून भिंग दोन मिनिटं उघडं ठेवलं. समोर धरणाच्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. फोटोत पाणी दुधासारखं आलं आणि माणूस एकही नाही. जे हललं ते पुसलं गेलं. तो फोटो बरीच वर्षं माझ्या टेबलासमोर होता. त्यातला एकांत मला आवडायचा.

30 जून 2024 रोजी याच धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर त्या रिकाम्या पायऱ्यांकडे मला पाहवेना. फोटो मी उतरवला.

तेव्हा मामूंची एक सवय आठवली. कापडाखाली शिरण्याआधी ते पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवत. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी ओढा बघता बघता चढतो. बाहेर आल्यावर तो दगड बुडालेला दिसला, तर फोटो न काढताच सामान आवरायचं. असे आम्ही एकदा दोन्ही कोऱ्या फिल्म घेऊन परतलो. एवढं ओझं फुकट वाहिलं म्हणून मी वाटभर फुगून बसलो होतो. मामू काही बोलले नाहीत.

आता पावसात फोटो काढायला निघालेली मुलं भेटली की मी त्यांना कॅमेऱ्याबद्दल काही सांगत नाही. आधी एक दगड हेरा, एवढंच सांगतो.