सातव्या पायरीवरचा थेंब

खराडीतल्या आमच्या रो-हाउसच्या जिन्यावर पॉलीकार्बोनेटची दोन मीटर लांब शीट आहे. बिल्डर तिला स्कायलाइट म्हणायचा. घरात तिचं नाव 'गळकी काच', काच नसली तरी. दर मे महिन्यात कारागीर येऊन कडेने सिलिकॉनची नळी रिकामी करायचा आणि पहिल्याच वळवाला सातव्या पायरीवर बादली ठेवावी लागायची. आजोळी माळवदाला सवणं होतं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. आभाळ भरून आलं की कुणीतरी वर जाऊन त्यावर फरशी सरकवायचं. आमच्या शीटला असा राखणदार नाही.

पुण्यात पाऊस तसा बेताचाच, महाबळेश्वरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. छप्पर बिघडवतं ते ऊन. तापमान ४० अंशांनी बदललं की दोन मीटरची शीट सुमारे ५ मिलिमीटर लांबते किंवा आखडते. तेवढ्याच फरकाला काँक्रीट १ मिलिमीटरही हलत नाही. मेच्या दुपारी तापलेल्या शीटवर गार सर आली की हे आखडणं काही मिनिटांत उरकतं. चांगलं सिलिकॉन आपल्या रुंदीच्या साधारण पाव हिस्सा ताण सोसतं. आमच्याकडे ते २ मिलिमीटरच्या फटीत कोंबलेलं होतं. म्हणजे ऐपत अर्ध्या मिलिमीटरची आणि एकेका टोकाला ओढ दोन-अडीच मिलिमीटरची! लांबून पट्टी अखंड दिसायची. नखाने उचकटली तर सापाची कात निघावी तशी सबंध हातात आली.

अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पाणी केशाकर्षणाने जवळपास ३ सेंटिमीटर वर चढू शकतं, वातीत तेल चढतं तसं. त्यात झड असेल तर ताशी ६० किलोमीटरचा वारा त्याला आणखी दीड सेंटिमीटर रेटतो. म्हणून आषाढाच्या रिपरिपीत कोरडा राहणारा जिना वळवाच्या अर्ध्या तासात गळायचा. छपराच्या भोकाभोवतीचा कठडा निदान १५ सेंटिमीटर उंच हवा, तो यासाठी.

पाणी नेमकं शिरतं कुठे, हे शोधायला बागेचा पाइप पुरतो. खालून सुरुवात करायची: आधी स्लॅब आणि कठड्याचा सांधा, मग चौकटीची खालची कड, बाजू, शेवटी वरची कड, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि चोर सापडत नाही. आमचा चोर वरच्या, भिंतीलगतच्या कोपऱ्यात निघाला. तिथून पाणी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या पोटातून सरपटत यायचं, एका स्क्रूच्या टोकाशी थबकायचं आणि सातवी पायरी गाठायचं.

मग शीट उतरवली. स्क्रूची भोकं मोठी केली, म्हणजे तिला सरकायला जागा. खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घेतली आणि शीटवर उतरवली. कठड्याच्या बुडाशी वाटा मारला, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार केला. फट १० मिलिमीटरची केली, तिच्यात फोमची दोरी घालून वर सिलिकॉन भरलं, कारण ते दोन्ही बाजूंनाच चिकटलं पाहिजे, तळाशी चिकटलं तर ताणलं जात नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काँक्रीटला नीट धरत नाही, दुकानात 'न्यूट्रल' मागावं. जुनं आधी पूर्ण खरवडायचं. पण थिनरने पुसायचं नाही, पॉलीकार्बोनेटला बारीक तडे जातात. आत आलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून खालच्या कडेला दोन भोकं मुद्दाम सोडायला सांगितली, तेव्हा कारागीर माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, भोकं बुजवायला बोलावलंत ना?"

पावसाळाभर बादली लागली नाही. जानेवारीतल्या एका सकाळी सातव्या पायरीवर पुन्हा दोन थेंब! रात्रभर आभाळ निरभ्र होतं. अशा रात्री छप्पर आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. घरातली हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर पृष्ठभाग १७ अंशांच्या खाली गेला की त्यावर दव धरतं. आमच्याकडे पहाटेच्या आंघोळींची वाफ आणि कुकरच्या शिट्ट्या जिन्यातूनच वर जातात. कारागिराला फोन केला नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला.