वृक्षवलयांतील कार्बन समस्थानिक

समशीतोष्ण प्रदेशातील वृक्षांच्या खोडात सामान्यतः दरवर्षी काष्ठाचे एक वलय तयार होते. त्यातील कार्बन हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडापासून प्रकाशसंश्लेषणाने आलेला असतो व सेल्युलोजात बद्ध झाल्यावर त्याची नंतरच्या हवेशी अदलाबदल होत नाही. त्यामुळे कार्बनाच्या समस्थानिकांचे (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकारांचे) वलयातील प्रमाण मोजून गतकालीन जलवायुमान व सूर्याची क्रियाशीलता यांचा अभ्यास करता येतो. याकरिता वापरले जाणारे दोन समस्थानिक भिन्न गोष्टींची नोंद करतात.

कार्बन-१३ : हा स्थिर समस्थानिक असून नैसर्गिक कार्बनात त्याचे प्रमाण सु. १.१% असते. पाने हलका कार्बन-१२ अधिक सहजतेने ग्रहण करतात. अवर्षणात पर्णरंध्रे आकुंचन पावल्यास पानांत शिरणारी हवा कमी होते, ही निवड मंदावते आणि वलयातील कार्बन-१३ चे प्रमाण वाढते. ही नोंद मुख्यतः स्थानिक असते. पाऊस, आर्द्रता व सूर्यप्रकाश यांपैकी कोणता घटक प्रभावी आहे, हे स्थळपरत्वे बदलते. म्हणून अनेक वृक्षांवरील मापनांची वेधशाळांतील नोंदींशी तुलना करावी लागते.

कार्बन-१४ : विश्वकिरणांमुळे उत्पन्न झालेले न्यूट्रॉन नायट्रोजनाच्या अणुकेंद्रांवर आदळून हा किरणोत्सर्गी समस्थानिक वातावरणात निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य सु. ५,७३० वर्षे आहे. सूर्य अधिक क्रियाशील असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना जास्त अडविते व कार्बन-१४ कमी निर्माण होतो. वलये मोजून वर्ष निश्चित होत असल्याने मधल्या काळातील क्षय हिशेबात घेऊन मूळ प्रमाण काढता येते. हेसल द व्ह्रीस यांनी १९५८ मध्ये या प्रमाणातील चढउतार दाखविले. सौर डाग अत्यल्प असलेल्या १६४५–१७१५ या ‘माउंडर न्यूनतम’ कालखंडात कार्बन-१४ वाढलेला होता, याकडे जॉन एडी यांनी १९७६ मध्ये लक्ष वेधले. जपानी सीडार वृक्षांत इ. स. ७७४–७५ या एका वर्षात सु. १.२% इतकी आकस्मिक वाढ फुसा मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळली (२०१२). सूर्याकडून आलेला प्रचंड कणवर्षाव हे तिचे कारण बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अशीच ९९३ ची खूण ओळखून व तिच्यापुढील २८ वलये मोजून, न्यू फाउंडलंडमधील व्हायकिंग वसाहतीतील लाकूड १०२१ मध्ये तोडल्याचे २०२१ साली सिद्ध झाले.

महत्त्व : दोन्ही नोंदी एकाच वलयात असल्याने त्यांच्या कालमापनात तफावत पडत नाही, सूर्यातील बदलांचा जलवायुमानाशी असलेला संबंध त्यामुळे वर्षवार तपासता येतो. कोळसा व खनिज तेल यांच्यात कार्बन-१४ उरलेला नसतो आणि कार्बन-१३ ही कमी असतो. औद्योगिकीकरणानंतर वातावरणातील या दोहोंचे प्रमाण घटत गेल्याचे वलयांवरून दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या अणुचाचण्यांनी कार्बन-१४ तात्पुरता वाढविला. तो अपवाद वगळता, हवेतील वाढीव कार्बन मानवाने जाळलेल्या इंधनांतून आल्याची साक्ष वृक्षांच्या काष्ठातच मिळते.