कलावस्तूंच्या विक्रीतून सेवाकार्य

पारंपरिक कलावस्तू विकून आलेल्या पैशातून एखाद्या सत्कार्यास हातभार लावण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. ग्राहकास वस्तू मिळते, कार्यास निधी मिळतो. मात्र वस्तू घडविणाऱ्या हातांना काय मिळाले, हा प्रश्न अनेकदा मागेच राहतो. वास्तविक तो सर्वप्रथम विचारला गेला पाहिजे.

फैजपूरचा वारसा

या प्रश्नाचे एक उत्तर खानदेशाच्या इतिहासातच सापडते. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून अधिवेशननगरी सजविली. खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही तेथे मांडण्यात आले होते. त्याआधीच्याच वर्षी, १९३५ मध्ये, गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारत चरखा संघाने एक महत्त्वाचे तत्त्व स्वीकारले होते. खादी स्वस्त विकण्यासाठी कातणारीची मजुरी कमी ठेवणे योग्य नाही; तिला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असे ते तत्त्व होते.

दोन मार्ग

कलावस्तूंच्या विक्रीतून होणारे सेवाकार्य साधारणतः दोन मार्गांनी चालते. पहिल्या मार्गात वस्तू घडविणारा हाच कार्याचा केंद्रबिंदू असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये यांच्या आधारे आनंदवन उभारले. सुरुवातीस तेथील भाजीपाला विकत घेण्यास आसपासचे लोक कचरत असत. पुढे शेतीच्या जोडीला हातमाग व हस्तकलाही तेथे आल्या. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्या हातची वस्तू मोल देऊन घेणे म्हणजे त्यांच्या श्रमास आणि माणूसपणास मान्यता देणे होय.

दुसऱ्या मार्गात कलावंत आपली कला देतो व उत्पन्न इतरांसाठी वापरले जाते. बालकांसाठी काम करणारी ‘क्राय’ ही संस्था १९७९ मध्ये रिप्पन कपूर व त्यांच्या सहा मित्रांनी मिळून मुंबईत सुरू केली. शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून तिने निधी उभा केला आणि आपले कार्य घरोघरी पोहोचविले.

हिशेब उघडा हवा

जळगाव शहरात सामावलेल्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीस रथोत्सवानिमित्त मोठी गर्दी लोटते. समजा, अशा प्रसंगी महिला बचत गटाने एक गोधडी एक हजार रुपयांस विकली. कापड-दोऱ्याचे दोनशे, शिवणाऱ्या भगिनीच्या मजुरीचे पाचशे आणि ने-आण व जागाभाड्याचे शंभर रुपये वजा जाता कार्यासाठी दोनशे रुपये उरतात. ही रक्कम लहान वाटली तरी व्यवहार चोख आहे. ‘सर्व रक्कम सेवाकार्यास’ अशी पाटी लागली, तर मजुरीचे पाचशे रुपये कोणी सोडले, हे पाहावे लागेल. ते त्या भगिनीने स्वखुशीने दिले असतील तर तिचे दान मोठेच आहे. परंतु तिला न विचारता ते घेतले असतील, तर एका गरजूच्या नावाने दुसऱ्या गरजूवर अन्याय झाला, असेच म्हणावे लागेल.

ग्राहकानेही काही गोष्टी पाहाव्यात. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, किमतीतील किती वाटा कारागिरास व किती कार्यास जातो, याची विचारणा निःसंकोच करावी. प्राप्तिकरातील सवलत पात्र संस्थेस दिलेल्या देणगीस मिळते, खरेदी केलेल्या वस्तूच्या किमतीस नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

दयेपोटी वस्तू एकदा खपते. टाका पक्का व रंग टिकाऊ असेल तर ग्राहक पुन्हा येतो. म्हणून कारागिरास रास्त मजुरी, ग्राहकास चोख माल आणि शिल्लक रकमेतून सेवा, हाच क्रम अशा उपक्रमांना दीर्घायुष्य देणारा आहे.