भिंत, भारूड आणि नव्वद मिनिटांची कॅसेट

१९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि पुण्या-मुंबईकडचे तरुण इंजिनिअर बाडबिस्तरा घेऊन आमच्या शहरात राहायला आले. आर्ट-रॉक माझ्यापर्यंत पोचलं ते त्यांच्यातल्या एका शेजाऱ्याच्या कॅसेटच्या खोक्यातून. गुलमंडीच्या बाजारात गझला, कव्वाल्या, भक्तिगीतं हवी तेवढी मिळत. पिंक फ्लॉइड मिळत नसे. मग कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचं.

त्या उतरवून घेण्यानं माझ्या कानाला वळण लावलं. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) जेमतेम ४३ मिनिटांचा, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर अख्खा मावणारा. मूळ तबकडी मध्यावर उलटावी लागे, आम्हाला ती अडचण नव्हती. सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एका दमात ऐकायचं. आवडतं गाणं तेवढं काढून ऐकावं असं त्यात काही नाही, हे तेव्हाच कळलं. दुसऱ्या बाजूला ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) असे. त्यात बँडच्या सिड बॅरेट या हरवलेल्या मित्रासाठीची नऊ भागांची एकच रचना, पाच भाग आरंभी आणि चार अखेरीस. तिच्या कामात मंडळी गुंतलेली असताना जूनमध्ये स्वतः बॅरेट स्टुडिओत येऊन बसला आणि प्रथम कुणी त्याला ओळखलंच नाही. हे वाचल्यापासून पहिले चार सूर मला निमूटपणे ऐकवत नाहीत.

पण ही सलग, लांबलचक मांडणी मला परकी कधीच वाटली नाही. रात्रभराचं जागरण-गोंधळ ज्यानं मांडीवर झोपत-उठत ऐकलंय, त्याला तेवीस मिनिटांचं गाणं लांब कसं वाटेल? जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ (१९७२) तेवढं आहे. त्यात पीटर गॅब्रिएल एकामागून एक सोंगं वठवतो. त्याच वर्षी डब्लिनच्या रंगमंचावर तो बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचा मुखवटा घालून आला, तेव्हा प्रेक्षक अवाक् झाले म्हणतात. आमच्या पैठणला एकनाथांनी सोळाव्या शतकात हेच केलं होतं: जोशी, गोंधळी, वासुदेव, विंचू चावलेला माणूस, ज्याचं गाणं त्याच्याच तोंडून. लुगडं नेसून भारूड करणारा पुरुष इथे कुणाला नवा नाही. सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरे २०२१ साली गेले. त्यांचा ‘बुरगुंडा’ ज्यांनी समोर बसून अनुभवला, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच उमगेल. सोंग घेतलं की गाणाऱ्याचा आवाजच बदलतो, तो मोकळा होतो.

केट बुशच्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ची (१९८५) दुसरी बाजू मी याच नात्यानं ऐकतो. रात्री समुद्रात एकटीच तरंगत राहिलेली बाई, तिची झोप, भास, घरच्यांचे आवाज, आणि सात गाण्यांनंतर पहाट. हे आख्यानच आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रवाहातलं सर्वांत धीट काम.

किंग क्रिम्सनचा १९६९चा पहिला अल्बम मान्यच, या घराण्याची पायाभरणी त्यानं केली. ‘येस’चा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ मात्र मला आजही पचत नाही. योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून चार बाजू भरल्या आहेत. वादन थोर, पण अध्यात्म वरून पांघरलेलं.

आता खरा मुद्दा. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’चं (१९७९) मूळ कॅनडातल्या एका प्रसंगात आहे. मॉन्ट्रिअलच्या कार्यक्रमात रॉजर वॉटर्स एका श्रोत्यावर थुंकला, आणि स्वतःच्या त्या कृत्यानं हादरून गेला. पुढे १९८०-८१च्या प्रयोगांत कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची भिंत गाण्यागणिक चढत जायची. जगानं तिची वाहवा केली, योग्यच केली. पण त्याच्या सात वर्षं आधी, १६ डिसेंबर १९७२ला, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला होता. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत. तिथली भिंत माणसांची होती. ओळीनं उभे राहून डुलणारे, गाणारे ब्राह्मण. पाठ फिरवली की पडदा, दुभंगले की दार. ती भिंत कीर्तन गाते, लावणीवर झुलते आणि गुन्हा झाकते. वॉटर्सची भिंत एकट्या माणसाला कोंडते, चंदावरकरांची अख्ख्या शहराला सामील करून घेते. मला दुसरी जास्त भयंकर वाटते, कारण ती सुरेल आहे. १९८० साली, ‘द वॉल’चे प्रयोग लंडनमध्ये चालू होते त्याच वर्षी, हे नाटकही युरोपात प्रयोग करून आलं.

चंदावरकर रविशंकरांचे शिष्य, सतारिये, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. त्यांच्यामागून आनंद मोडकांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेल्या माणसाला स्वतःचंच कीर्तन करायला लावलं. नंदू भेंडे हा तर सरळ रॉकचा गायक: आत्माराम भेंड्यांचा मुलगा, अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मधला ज्यूडास. पु. लं.नी ब्रेख्तवरून केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त (१९७८) तो मराठीत गायला. मराठीतलं आर्ट-रॉक कुठे आहे असं विचारणाऱ्यांना मी या नाटकांकडे बोट दाखवतो. ते तबकड्यांच्या दुकानात सापडणार नाही, ते नाट्यगृहात घडलं.

कॅसेटवर घडलं ते गोव्यात. मुंबईच्या जे. जे.त वास्तुकला शिकलेल्या रेमो फर्नांडिसनं ‘गोअन क्रेझी’ (१९८४) शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्यानं केला. वाद्यं त्याची, आवाज त्याचा, मुखपृष्ठही त्याचंच; आणि कॅसेटा स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. ब्रायन ईनो स्टुडिओलाच वाद्य मानत असे, त्याच्या हाताशी लंडनचे स्टुडिओ होते. रेमोनं ते खेड्यातल्या खोलीत साधलं.

शेवटचा अल्बम मी कुणालाही हट्टानं ऐकवतो: त्रिलोक गुर्टूचा ‘उस्फ्रेट’ (१९८८). जॅझच्या फडताळात ठेवतात, ठेवोत. तबला आणि ड्रम एकत्र मांडून जमिनीलगत बसणारा, वाजती थाळी पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवणारा हा वादक. सोबत डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर. आणि या सगळ्यांच्या मधोमध त्याची आई गाते: बेळगावच्या शोभा गुर्टू, ठुमरीच्या सम्राज्ञी. भोवतीची लय कितीही वाकडी धावो, त्या आपली जागा सावकाश, हव्या तेवढ्या वेळात घेतात, आणि मुलगा तेवढं थांबतो.