गोष्ट कोणाची?

रात्रीची जेवणे आटोपली की नानी किंवा दादी गोष्ट सांगायला बसते. तिचा आवाज कधी चढतो, कधी हळू होतो. मध्येच ती थांबते आणि आपण विचारतो, "मग पुढे काय झाले?" पण ही गोष्ट दूरच्या माणसाला कशी ऐकता येईल? काही छायाचित्रे आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज संगणकावर किंवा मोबाइलवर एकत्र जोडला, तर दोन-तीन मिनिटांचा छोटा चित्रपट तयार होतो. त्यालाच 'डिजिटल गोष्ट' म्हणतात.

अमेरिकेत डेना ॲचली नावाचे एक कलावंत होते. ते रंगमंचावर आपल्या आयुष्यातील गोष्टी सांगत. शेजारी एक पडदा असे आणि त्या पडद्यावर शेकोटी जळताना दिसे! शेकोटीभोवती बसून गोष्टी ऐकण्याची जुनी रीत त्यांनी अशी नव्या यंत्रात आणली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी जो लँबर्ट व इतर सहकाऱ्यांबरोबर सॅन फ्रान्सिस्को येथे एक केंद्र सुरू केले. सामान्य माणसांनी आपली गोष्ट आपणच तयार करावी, हा त्या केंद्राचा हेतू होता. हे काम पुढे अनेक देशांत पोहोचले.

हे शिकवण्यासाठी काही तरुण परदेशातील शाळांत जातात. त्यांना एखादी संस्था ठरावीक काळासाठी खर्चाचे पैसे देते. या मदतीला 'फेलोशिप' म्हणतात. फुलब्राइट ही अशीच एक प्रसिद्ध योजना. ती १९४६ मध्ये अमेरिकेचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या प्रयत्नाने सुरू झाली. एका देशातील लोकांनी दुसऱ्या देशात जाऊन शिकावे, शिकवावे आणि एकमेकांना समजून घ्यावे, हा तिचा उद्देश आहे.

वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाई १९८२ मध्ये हीच फेलोशिप घेऊन दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात गेल्या. अँडीज पर्वतातील राकिरा या गावी त्यांनी मुलांना छायाचित्रण शिकवले. हे गाव मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याआधी त्यांनी अमेरिकेतील केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात मुलांना असेच शिकवले होते. तेथे त्या मुलांना म्हणत, "स्वतःची, घरच्यांची, जनावरांची आणि आपल्या स्वप्नांची छायाचित्रे काढा." पुढे त्या भारतात आल्या आणि गुजरातमधील एका खेड्यातही त्यांनी मुलांबरोबर काम केले. त्या काळी मोबाइल नव्हते. पण कॅमेरा मुलांच्या हाती द्यायचा, हा विचार तेव्हाचाच आहे.

परक्या देशात गेलेल्या शिक्षकाने पहिल्या दिवशी काय करावे? कॅमेरा बाहेर काढू नये. आधी मुलांची नावे नीट उच्चारायला शिकावे. त्यांच्या भाषेतील चार शब्द शिकावे. मग सर्वांना गोल बसवावे. शिक्षकाने स्वतःची एक खरी गोष्ट सांगावी आणि मुलांच्या गोष्टी ऐकाव्या. कोणाला बोलायचे नसेल, तर त्याला आग्रह करू नये.

समजा, एका मुलीने लिहिले, "आमचे गाव फार सुंदर आहे." हे वाक्य खरे आहे, पण असे कोणत्याही गावाबद्दल लिहिता येते. शिक्षक विचारतील, "तुझ्या घरातील अशी एक वस्तू सांग, जी फुटली तर तुला वाईट वाटेल." मुलगी सांगेल, "आजोबांनी घडवलेले शेवटचे मडके." आता गोष्ट सापडली! मग ती अडीचशे-तीनशे शब्दांत लिहावी. ती मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावी. शेवटी छायाचित्रे जोडावी. म्हणजे आधी शब्द, मग आवाज आणि त्यानंतर चित्र.

या कामात एक मोठा धोका आहे. पाहुणा शिक्षक घाई करतो. मुलांचे शब्द तोच सुधारतो, करुण संगीत जोडतो आणि घरातील गरिबीची चित्रे निवडतो. पाहणाऱ्यांना वाईट वाटते, शिक्षकाला शाबासकी मिळते. पण मुलीच्या मनातील मडके कुठेच दिसत नाही. तिची गोष्ट तिची उरत नाही.

म्हणून शिक्षकाने काही गोष्टी पाळाव्या. मुलांना त्यांच्या मातृभाषेत बोलू द्यावे. हवे तर खाली भाषांतर द्यावे. कोणतेही छायाचित्र दाखवण्यापूर्वी मुलांची आणि पालकांची परवानगी घ्यावी. मूल 'नको' म्हणाले, तर ते मान्य करावे. पहिला खेळ गावातच, घरच्या माणसांसमोर करावा. गावाला निरोप देण्यापूर्वी तेथील शिक्षकांना सारे काम शिकवावे, म्हणजे पाहुणा गेला तरी गोष्टी थांबणार नाहीत.

मित्रांनो, फेलोशिप काही महिन्यांत संपते. यंत्रेही जुनी होतात. पण "माझी गोष्ट मी सांगू शकतो," हा विश्वास मुलांजवळ राहतो. आज घरी गेल्यावर नानीला किंवा दादीला एखाद्या जुन्या वस्तूबद्दल विचारा. ती बोलू लागली की मध्ये बोलू नका. चांगली गोष्ट सांगण्याची सुरुवात नीट ऐकण्यापासूनच होते.